गणपतीत मुंबईला निघालेली समीक्षा

रोह्याहून मुंबई काही परदेशात नाही. तरी समीक्षा खामकर नऊ वर्षं मुंबईला निघालेलीच आहे आणि अजून पोचलेली नाही. म्हणजे लग्नाबारशांना ती चिकार वेळा जाऊन आली. मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा डबे घेऊन महिनाभर तिनं ये-जा केली. तेव्हा गाडी वेळेवर, रस्ता मोकळा, बसायला खिडकी! नोकरीच्या मुलाखतीला म्हणून निघाली, की त्याच रस्त्याच्या अंगात येतं.

समीक्षाचं गाव कोलाडच्या आत. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, एवढ्यावर घर चाललेलं. वडील गेल्यापासून शेत आई बघते, आणि धाकटा भाऊ नितेश कंपनीतली शिफ्ट करून उरलेल्या वेळात तिला हात देतो. समीक्षा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, नेट झाली, आणि रोह्यातल्या कॉलेजात शिकवायला लागली ती तासिका तत्त्वावर. हे तासिका तत्त्व ज्यांना ठाऊक नाही ते सुखी लोक. जितके तास घ्याल तितक्याचेच पैसे, सुट्टी लागली की तुम्ही कॉलेजचे कोणी नाही, आणि जून उजाडला की पुन्हा नव्यानं अर्ज. पाहुणे आले की प्राचार्य तिची ओळख करून देत, "या आमच्या बॉटनीच्या खामकर मॅडम, तासिकेवरच्या." नऊ वर्षांत त्या शेवटच्या शब्दाशिवाय तिची ओळख एकदाही झाली नाही. ऐकताना ती हसायची आणि रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावातल्या भाड्याच्या खोलीवर आली की भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

बॉटनीची कायमची जागा चार-पाच वर्षांतून एखादी निघते, आणि निघते ती मुंबईत. पहिल्या वेळी समीक्षा निघाली तर नागोठण्याच्या अलीकडे एक कंटेनर रस्त्यावर आडवा झोपला होता. ती पोचली तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. दुसऱ्या वेळी ती सगळ्यांच्या आधी पोचली, तर जागाच रद्द झालेली. ते तिला कळवायचं राहून गेलं होतं. "सॉरी हां मॅडम," क्लार्क म्हणाला, आणि त्यानं चहा मागवला. तो गोड चहा तिला अजून आठवतो, आणि आठवला की डोक्यात तिडीक जाते.

यंदा फोन आला तो श्रावण संपता संपता. मुंबईच्या एका कॉलेजातून. मंगळवारी अकरा वाजता मुलाखत, मूळ कागदपत्रं घेऊन या. समीक्षानं कॅलेंडरकडे बघितलं. गुरुवारी गणेश चतुर्थी.

"मॅडम, गणपतीच्या दोन दिवस आधी?"

"सुट्टी लागायच्या आत उरकून टाकायचंय आम्हाला," पलीकडून उत्तर आलं. "येणार ना?"

न येऊन सांगते कोणाला! पण कोकणातल्या माणसाला विचारा, या दिवसांत मुंबई-गोवा रस्त्याला एकच दिशा असते. अख्खी मुंबई, ठाणे-वसई-विरारसकट, पोराबाळांना आणि पिशव्यांना गाडीत कोंबून गावाकडे धावत सुटते. त्या लोंढ्याला तोंड देऊन उलटं मुंबईला जायचं, असा मुहूर्त फक्त समीक्षाच्याच वाट्याला यायचा.

आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा, हे शहाणपण तिलाही सुचलं होतं. तिनं कळव्याच्या मावशीला फोन लावला.

"अगो, आमी तर उद्याच गावाला येतोय!" मावशी खुशीत ओरडली. "तुझ्याच घरी उतरनार हाय. आयेला सांग, तांदूळ भिजत घाल."

मग दिव्याचा मामा, मग ऐरोलीची मैत्रीण. मुंबईतलं ओळखीचं एकूण एक घर कुलूप लावून कोकणाच्या वाटेवर होतं. लॉजचं नाव काढलं तर आईनं नुसत्या ऐकण्यानंच कानांवर हात ठेवले. "एकटी पोर लॉजवर? त्यापरीस ऱ्हाव दे ती नोकरी!" रेल्वेनं जावं, तर गणपतीच्या जादा गाड्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजर कुठल्या स्टेशनात किती वेळ उभी राहील, याचा भरवसा नाही. उरली पहाटेची गाडी. ती मिळाली तर नऊपर्यंत पनवेल गाठता येतं, असा हिशोब करून समीक्षा मंगळवारी अंधार असतानाच रोह्याच्या स्टँडवर जाऊन उभी राहिली. मोतिया रंगाचा कुडता, ओढणी पिन केलेली, फाईल छातीशी.

गाडी आली नाही. खिडकीतल्या माणसाला तिनं विचारलं.

"ती गाडी मुंबईला गेलीय. गणपतीच्या जादाला."

"अहो, मलापण मुंबईलाच जायचंय!"

"काल संध्याकाळी गेली ती. रिकामी गेली," त्या माणसानं समजावून सांगितलं. "आता तिकडनं पब्लिक भरून येईल ना, म्हणून नेली."

समीक्षाच्या डोळ्यांसमोर ती गाडी आली. सगळ्या सीट मोकळ्या, आत ड्रायव्हर-कंडक्टर दोघेच, आणि गाडी खडखडत मुंबईला चाललेली. काल संध्याकाळी ती स्वतः ओढणीला इस्त्री करत होती. आता ओरडावं की रडावं हे तिला कळेना. दोन्ही केलं असतं तरी खिडकीतला माणूस गाडी कुठून आणणार होता? त्याच्यापुढे आणखी तिघं-चौघं येऊन उभी राहिली होतीच.

तिनं नितेशला फोन लावला. तो नाईट शिफ्ट संपवून नुकताच गेटबाहेर पडला होता. डोळे लाल, जांभया आवरत, पण आला. "बस मागं, ताय. पेनपर्यंत सोडतो. तिथनं भेटंल काय तरी."

भिसे खिंडीतून नागोठण्यापर्यंत सगळं ठीक चाललं. हायवेला लागले आणि समोर दिव्यांची रांगच रांग. येणाऱ्या गाड्यांनी आपली बाजू तर भरलीच होती, शिवाय मुंबईकडे जाणारी बाजूही भरली होती. त्यांचंही खरं, त्या बाजूनं मुंबईला जातंय कोण? रस्ता रिकामा दिसला, घातली गाडी. नितेश कडेच्या खडीतून, चिखलातून, कधी दुकानाच्या पायरीला घासून बाईक काढत होता. वडखळला तर सगळं ठप्प. तिकडून येणारा एक गाडीवाला काच खाली करून नितेशवरच खेकसला, "ओ, उलटे कुठे घुसताय?"

"उलटे आमी?" नितेशची झोपच उडाली. "रस्ता बघ की रं तुझा!"

"चल तू, नितेश. भांडू नको, चल!" समीक्षानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. खरं तर उतरून त्या गाडीवाल्याच्या टपावर बुक्क्या माराव्यात असं तिलाच वाटत होतं. पण अकराच्या आत पोचायचं होतं आणि मुंबई अजून तशीच लांब होती.

पेण जवळ आलं तेव्हा बाईक एकाएकी डावीकडे झुकली. नितेशचा डोळा लागला होता. समीक्षा किंचाळली, तसा तो सावरला. पण ती उतरूनच उभी राहिली.

"बास. तू पुढं यायचं नाय. घरी जाऊन झोप."

"आणि तू गो?"

दोघं पेणच्या स्टँडपर्यंत चालत आली, तर तिथेही रोह्याचीच गत. एरवी "पनवेल, पनवेल" करून हाताला ओढणारे ईको व्हॅनवालेही नव्हते. ते सगळे पनवेलला भाडी उचलायला गेले होते. तेवढ्यात नितेशला साईराज आठवला. आयटीआयला त्याच्याबरोबर होता, आता टेम्पो चालवायचा. पेणचा टेम्पो म्हणजे या दिवसांत त्यात काय असणार ते सांगायला नको. कारखान्यातून उरलेसुरले गणपती चेंबूरच्या एका विक्रीच्या मांडवात पोचवायला तो निघालाच होता.

"ताई, बिनघोर बसा," साईराज म्हणाला. "आज गणपतीच्या गाडीला कोन अडवनार? पोलीस पन हात जोडतात."

समीक्षाला ते शंभर टक्के पटलं. पेण-रोह्यातल्या कुठल्याही माणसाला पटलं असतं. ज्याच्यासाठी एवढी दुनिया धावतेय, तोच गाडीत असल्यावर रस्ता आपोआप मोकळा होणार, यात शंका कसली! चढताना साईराजनं तिला चप्पल काढायला लावली आणि एक फूटभर उंचीची शाडूची मूर्ती तिच्या मांडीवर ठेवली. ती कोणाची तरी खास ऑर्डर होती. मागे पेंढ्यात ठेवली तर सोंडेला धक्का लागेल, म्हणून ती पुढेच बसून जायची. "दोनी हातांनी धरा. हलवू नका."

आणि मग समीक्षाच्या लक्षात आलं, की गणपतीची गाडी अडवत कोणी नसलं तरी ती पळतही नाही. खड्डा आला की साईराज ब्रेक लावायचा. खड्डा नसला तरी पुढे असेल म्हणून लावायचा. मागे पेंढ्यात चाळीसएक मूर्ती, एकीचं बोट जरी उडालं तरी ती पूजेला चालत नाही. बैलगाडीला लाज वाटेल अशा चालीनं टेम्पो निघाला. आणि पोलीस हात जोडतात म्हणे! जोडत होते ना. पण हात जोडायला ते आधी गाडी थांबवत होते. हमरापूरच्या फाट्यावर दोघांनी थांबवली, खारपाड्याच्या पुलाआधी एका म्हातारीनं थांबवली. मागचं प्लास्टिक सरकवून तिनं एकेका बाप्पाला नमस्कार केला. साईराज कोणाला नाही म्हणेना. सणासुदीला कसं म्हणणार?

समीक्षा आतल्या आत उकळत होती. एरवी तिनं बोटं मोडली असती, चार शब्द सुनावले असते. पण मांडीवर साक्षात बसलेला. त्याच्या कानाशी शिव्या कशा द्यायच्या? फोन पर्समध्ये, पर्स पायाशी, दोन्ही हात गुंतलेले. फोन वाजून वाजून बंद झाला, आणि तो कॉलेजचाच असणार या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला.

कर्नाळ्याच्या आसपास समोरून उलट्या बाजूनं आलेली एक गाडी टेम्पोला आडवी येऊन थांबली. आतून एक काका, काकू आणि त्यांची सून उतरले. काकूंचा चेहरा रडवेला. त्यांच्या गणपतीचा हात खड्ड्यात आपटून निखळला होता. आता अशी मूर्ती घेऊन गावी जायचं कसं? देवानंच तुमची गाडी धाडली बघा! साईराजनं डोकं खाजवलं. ऑर्डरच्या बाहेरच्या तीन-चार मूर्ती होत्या त्याच्याकडे. त्यानं टेम्पोचा मागचा फळका पाडला.

इथवर ठीक होतं. समीक्षालाही त्या काकूंची दया आली. पण त्या माणसांनी भर हायवेवर मूर्ती पसंत करायला घेतली! काकांना बैठक रुंद हवी होती. काकूंना फेट्याचा नको, मुकुटाचा हवा होता. सून म्हणाली, याचे डोळे जरा रागीट वाटतात. मग व्हिडिओ कॉल लावून गावच्या थोरल्या जावेला चारही गणपती दाखवले. थोरल्या जाऊबाईंना नीट दिसेना.

"अहो काका, कुठलाही घ्या हो!" समीक्षा केबिनमधून ओरडलीच. "चारही गणपतीच आहेत!"

काकूंनी दुखावलेल्या नजरेनं तिच्याकडे बघितलं आणि मुकुटाचा उचलला. पळस्पं आल्यावर साईराज म्हणाला, "ताई, देवाच्या कामाला असा आवाज चढवू नये." त्यावर समीक्षाला काय काय बोलायचं होतं! माझं काम कुठल्या देवाचं? ते कोण करणार? पण ती मूर्तीवर पडलेली पेंढ्याची काडी फुंकत बसली.

चेंबूरहून टॅक्सी करून ती कॉलेजच्या दारात पोचली तेव्हा लोक जेवून हात धूत होते. कुडत्यावर शाडूचे पांढरे डाग, केसांत पेंढा. शिपायानं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "जा, जा, बसलेत अजून. तुम्ही शेवटच्या."

आत तिघं होते. मधल्या खुर्चीत समितीचे अध्यक्ष, साठीचे, सफारीतले. एका बाजूला एक गृहस्थ मोबाईलमध्ये डोकं घालून, दुसऱ्या बाजूला चष्मा लावलेल्या बाई, त्या विषयाच्या तज्ज्ञ. टेबलाखाली प्रवासाच्या बॅगा. समीक्षानं धापा टाकत माफी मागितली, रस्त्याचं कारण सांगितलं. अध्यक्ष एकदम पुढे सरकले.

"तुम्ही आत्ता रोह्याहून आलात? आज? मग सांगा, वडखळला काय परिस्थिती आहे?"

"ठप्प आहे, सर. दोन्ही बाजू भरल्यात."

"बघा!" अध्यक्ष मोबाईलवाल्यांना म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?" ते माणगावच्या पुढचे निघाले, मोबाईलवाले चिपळूणचे. दोघंही संध्याकाळीच निघणार होते. पेणला पूल कुठला बंद आहे? कोलाडला जेवायला काही उघडं असेल का? खड्डे भरलेत म्हणतात ते खरं का? समीक्षा एकेकाचं उत्तर देत गेली. तिला वाटलं, हे सुरुवातीचं बोलणं, जरा स्थिरस्थावर होऊ देताहेत आपल्याला, आता विषयावर येतील. अध्यक्षांनी फाईल मिटली. "बरं, मॅडम. आभारी आहोत. कळवू आम्ही."

ती बाहेर आली. बाकावर बसली. शिपायानं पाणी दिलं ते प्यायली. आत्ता तिथे नेमकं काय झालं हे तिला समजत नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपाई म्हणाला, "मॅडम, सर परत बोलावताहेत."

चूक लक्षात आली बहुतेक त्यांच्या! ओढणी सारखी करत ती आत गेली. अध्यक्ष उभे होते, हातात बॅग.

"मॅडम, एक राहिलंच. खोपोलीवरून पालीला उतरून वाकणला निघालं, तर कसं पडेल?"

समीक्षाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अंधारात स्टँडवर उभी राहिलेली ती, झोपेत पडता पडता वाचलेला नितेश, मांडीवरचा गणपती, थोरल्या जाऊबाई, सगळं एकदम तिला आठवलं.

"चांगलं पडेल, सर. तोच रस्ता घ्या," ती म्हणाली. "पण मी मुलाखतीला आलेय. मला अजून कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. विषयातला. एक तरी विचारा."

"अहो, उशीर झाला आता. आम्हाला निघायचंय."

"मलापण निघायचंय, सर. नऊ वर्षं झाली, मी निघतेच आहे."

मोबाईलवाल्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. मग चष्म्याच्या बाईंनी आपली पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. "बसा," त्या म्हणाल्या. "खाडीकाठचं तिवर बघितलंय ना तुम्ही? त्याची मुळं चिखलातून वर का येतात, ते मला पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगता तसं सांगा."

समीक्षा बसली नाही. तिनं खडू मागितला. भरतीच्या पाण्याखालच्या चिखलात हवा कशी नसते, मग झाड आपली मुळं नाकासारखी वर कशी काढतं, अंगात शिरलेलं मीठ पानांवाटे कसं बाहेर टाकतं, हे तिनं फळ्यावर काढून दाखवलं. कुंडलिका नदीच्या मुखाजवळ मुलांना घेऊन ती दर वर्षी गुडघाभर चिखलात उतरायची. ते सगळं बोलण्यात आलं. बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, तेही अवघड. अध्यक्षसुद्धा बॅग खाली ठेवून ऐकत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "छान शिकवता हो तुम्ही." नऊ वर्षांत हे वाक्य तिला कॉलेजात कोणी म्हटलं नव्हतं. जिना उतरताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

परत येताना पनवेलला तिला एका जादा गाडीत उभं राहायला जागा मिळाली, आणि सबंध वाट खड्डे मोजत काढली तरी तिला काही वाटलं नाही. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, "या टायमाला व्हईल गो आये, बघ." आईनं लगेच गणपतीपुढे नारळ कबूल करून टाकला. मावशीनं कळव्याला आपल्या शेजारी खोली बघायचं ठरवलं. नितेश म्हणाला, आता मुंबईला गेलीस की माझ्यासाठी पण बघ एखादी कंपनी.

चतुर्थीला दुपारी पूजा आटोपून आरती सुरू झाली. घर भरलेलं, पोरं टाळ बडवताहेत, नितेश तार स्वरात ओरडतोय. समीक्षाच्या हातात निरांजनाचं ताट. तेवढ्यात खिडकीतला तिचा फोन वाजला. मावशीनं वाकून बघितलं. "मुंबईचा नंबर हाय गो!"

टाळ थांबले. मावशीनं पोरांना दटावलं. आईनं घाईघाईनं देवापुढे हात जोडले. समीक्षानं ताट नितेशकडे दिलं आणि फोन कानाला लावला.

"खामकर मॅडम ना? ओळखलंत का? मंगळवारी आपण भेटलो. तुमचा नंबर अर्जावर होता, म्हटलं आभार मानावेत." अध्यक्षांचा आवाज अगदी प्रसन्न होता. "तुम्ही सांगितलात तो रस्ता एकदम मोकळा हो! आमचे मेहुणे वडखळवरून आले, त्यांची सबंध रात्र गाडीत गेली."

"सर, माझ्या मुलाखतीचं..."

"हां, हां, ते. उत्तरं उत्तम दिलीत तुम्ही. बाईंनी फार कौतुक केलं. पण आमच्याकडे एक मुलगा सहा वर्षं तासिकेवर शिकवतोय. त्याला डावलणं बरं दिसलं नसतं. त्याचं तसं आधीच ठरलं होतं. मुलाखती काय, घ्याव्याच लागतात. बरं, मॅडम, गौरी गेल्या की परत निघायचंय. पालीचा रस्ता परतीला पण तसाच मोकळा राहील ना?"

सहा वर्षं तासिकेवर. त्या न बघितलेल्या मुलावर रागवावं म्हटलं तरी समीक्षाला रागवता येईना. मग सगळाच्या सगळा राग जिथे जायचा तिथे गेला.

"सर," ती म्हणाली, "रस्ता विचारायला मला पुन्हा फोन करू नका. नोकरी द्यायची असेल तरच करा."

तिनं फोन बंद केला. सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. कापराचा वास घरभर पसरला होता.

"कोन व्हता गो?" आईनं विचारलं.

"रस्ता इचारत व्हता."

"मग सांगितलास?"

"नाय."

"अगो, सनाच्या दिवशी मानूस वाट इचारतो आनि तू सांगितली नाय?"

"नाय सांगितली," समीक्षा म्हणाली, आणि नितेशच्या हातून तिनं ताट परत घेतलं.